बक्षीस कुणाचे, बलुतं कुणाचे?

मराठीत 'बक्षीस' हा एकच शब्द दोन जागी वापरला जातो. वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलाला जे मिळते ते बक्षीस, आणि खानावळीत खरकटी ताटे उचलणाऱ्या पोराच्या हातावर जे पडते तेही बक्षीस. पहिले मिळाले की पोराचा बाप गावभर सांगत फिरतो. दुसरे मिळाले की पोरगा मूठ झाकून आत जातो. शब्द मुळात फारसी. त्या भाषेत 'बख्शणे' म्हणजे देणे आणि 'बख्शणे' म्हणजे माफ करणेही. म्हणजे जो देतो त्याच्या हाती शिक्षाही असते, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. आमच्या समीक्षकांनी 'प्रतिमा', 'प्रतीक', 'आविष्कार' या शब्दांची चिकित्सा पुष्कळ केली. बक्षीस, बलुतं, बिदागी, दक्षिणा, पोस्त, जोगवा, दौलतजादा, इनाम या शब्दांची चिकित्सा मात्र कोणी मन लावून केली नाही. ज्यांचे आयुष्य या शब्दांवर चालले त्यांच्या हातात लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांना यातला फक्त 'दक्षिणा' हा शब्द घरचा होता.

हे लिहायला निमित्त झाले ते हल्ली जिकडेतिकडे ऐकू येणाऱ्या एका उपदेशाचे. हॉटेलात किती टीप द्यावी, दहा टक्के की पंधरा, चांगली सेवा मिळाली तर किती, वेटरने हसून बोलला नाही तर किती कापावी, असे शिष्टाचार आता आपल्याकडेही शिकवले जातात. नोकरीला लागलेली आमची मुलेही ते शिकतात. शिकू नये असे मी म्हणत नाही. पण 'चांगल्या सेवेचे बक्षीस' ही कल्पना त्यांना नवी, शहरी, परदेशी वाटते याचे नवल वाटते. आमच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या कल्पनेखाली मान वाकवली ती हीच होती.

माहूरच्या गडावर एकदा डोळे उघडे ठेवून चढून पाहावे. माहूर हे साडेतीन पीठांतले एक पूर्ण पीठ. रेणुकेचे ठाणे. शेजारी दत्तशिखर, अनसूया, मातृतीर्थ. किनवट-माहूरचा हा डोंगराळ मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग तो नांदेडला जोडला गेला. गोंड, आंध, कोलाम, बंजारा, महार, मांग अशी इथली वस्ती. आता एकाच भाविकाच्या खिशातली दहा रुपयांची नोट गडावर कोणकोणती नावे घेते ते पाहा. पुजाऱ्याच्या तबकात पडली की ती दक्षिणा. संबळ वाजवणाऱ्या गोंधळ्याच्या हाती गेली की बिदागी. (माहूरच्या रेणुकेचे गोंधळी ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई, अशी त्यांच्यात पूर्वापार वाटणी आहे.) आराधीणीच्या परडीत पडली तर जोगवा. पायरीवर पदर पसरून बसलेल्या म्हातारीपुढे पडली तर भीक. गडाखाली जेवण झाल्यावर बडीशेपेच्या बशीत राहिली तर टीप. नोट तीच, देणारा तोच, खिसाही तोच. नाव बदलते ते घेणाऱ्याच्या जागेवरून.

आणि आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे कोण वाकते. दक्षिणा देणारा स्वतः वाकतो. दक्षिणा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेतल्याबद्दल त्याचे उपकार मानतो. दक्षिणा कमी पडली तर घेणारा रागावू शकतो, आणि देणारा घाबरतो. इतर सगळ्या ठिकाणी घेणारा वाकतो. टीप कमी पडली म्हणून वाढपी रागावला तर त्याची नोकरी जाते. मला तर वाटते, जातिव्यवस्था समजावून सांगायला वर्गात मोठमोठ्या व्याख्या सांगण्यापेक्षा विद्यार्थ्यांना गडावर न्यावे आणि पैसा देताना कोण वाकतो, एवढेच मोजायला सांगावे.

माहूरची पुराणकथाही शेवटी बक्षिसाचीच कथा आहे, हे आमच्या ध्यानात येत नाही. जमदग्नी रागावला. रेणुकेचे डोके उडवा म्हणून त्याने मुलांना सांगितले. रुमण्वान, सुषेण, वसु आणि विश्वावसु या थोरल्या चौघांनी नकार दिला आणि शाप घेतला. धाकट्या परशुरामाने परशू चालवला. बाप प्रसन्न झाला आणि म्हणाला, वर माग. पुढे आई जिवंत झाली, भावांचा शाप उतरला, ते सगळे कथेत नीट बसवलेले आहे. पण 'वर माग' म्हणजे काय? चांगल्या सेवेचे बक्षीस. हुकूम काय आहे हे न विचारता जो पाळतो त्याला बक्षीस आहे. नकार देणाऱ्या त्या चार भावांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? परशुरामाचे नाव मात्र पोथ्यापुराणांनी जिवंत ठेवले. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त १८७३ साली या परशुरामाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. 'महार' हा शब्दच त्यांनी 'महाअरी' म्हणजे मोठा शत्रू असा लावून दाखवला. परशुरामाशी निकराने लढले म्हणून ज्यांची ही दशा केली गेली ते महार, असे त्यांचे म्हणणे. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होईल की नाही हा प्रश्न इथे गौण आहे. फुल्यांनी काय केले ते महत्त्वाचे. चाकराच्या नावातून त्यांनी चाकरी पुसून टाकली आणि तिथे लढाई लिहिली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. परशुराम चिरंजीव आहे म्हणतात ना, मग सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, अशी जाहीर नोटीसच त्यांनी त्याला काढली.

आता माहूरहून दक्षिणेला चला. लातूरच्या पलीकडे बीदर. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा सगळा भाग १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होता. या बीदरच्या बादशहाची आणि अमृतनाक महाराची कथा महारवाड्यात कोणी ऐकली नाही? कथा अनेक रूपांत सांगतात, पण गाभा सारखाच. बादशहाच्या घरच्या स्त्रीला आणण्याची कामगिरी अमृतनाकावर येते. निघताना तो एक बंद डबी बादशहाच्या स्वाधीन करतो. मी परत आल्यावर उघडा, म्हणतो. कामगिरी फत्ते होते. मग दरबारात कुजबूज सुरू होते, की एका महाराच्या सोबतीने ती इतका प्रवास करून आली, तेव्हा काही विपरीत घडले नसेल कशावरून? अमृतनाक म्हणतो, डबी उघडा. डबीत त्याचे स्वतःचे कापलेले पुरुषत्व असते. बादशहा गहिवरतो आणि म्हणतो, माग काय हवे ते. अमृतनाक स्वतःसाठी काही मागत नाही, आपल्या जातीसाठी मागतो. आणि बावन हक्कांची सनद मिळते. ही कथा अलेक्झांडर रॉबर्टसन या मिशनऱ्याच्या १९३८ च्या 'द महार फोक' या पुस्तकातही नोंदलेली आहे.

आमच्या जुन्या पिढीने ही कथा अभिमानाने सांगितली. ते मी समजू शकतो. ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही त्याला इमान तरी हवे असते. पण आजच्या समीक्षकाने ही कथा 'स्वामिनिष्ठेचे उदात्त चित्रण' म्हणून वाचावी काय? मी ती तशी वाचू शकत नाही. संशय येणारच, हे अमृतनाकाला निघण्याआधीच ठाऊक होते. यशस्वी झालो तरी आपल्यावर विश्वास ठेवला जाणार नाही, हे ज्याला आधीच ठाऊक असते, त्याच्या सेवेला 'स्वेच्छेची सेवा' म्हणायचे कसे? त्याने डबी भरली ती निष्ठेपोटी की भीतीपोटी? आणि बक्षीस तरी काय मिळाले? मेलेल्या जनावराचे कातडे. मढ्यावरचे कापड. खळ्यावर उरलेसुरले धान्य. सणावारी दारोदार फिरून आणायची भाकरी. राज्य वाचवणाऱ्या सरदाराला जहागिरी मिळते आणि बादशहाची अब्रू वाचवणाऱ्याला मढ्यावरचे कापड. परशुरामाच्या कथेत हुकमाचा ताबेदार आईला कापतो. अमृतनाकाच्या कथेत तो स्वतःलाच कापतो. दोघांनाही 'माग' म्हटले जाते. फरक पुढे आहे. परशुरामाचे मागणे त्याच दिवशी पूर्ण होऊन संपले. अमृतनाकाने मागितलेले त्याच्या लेकरांना शेकडो वर्षे रोज संध्याकाळी पुन्हा मागावे लागले.

या 'हक्क' शब्दातली फसवणूक सर्वांत आधी बाबासाहेबांनी उघडी केली. १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त त्यांनी महार आणि त्यांच्या वतनावर लिहिले आणि १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. वतनदार महार सरकारचा चाकर, त्याला रात्री-अपरात्री कोणत्याही खात्याने बोलवावे. तो घरी नसेल तर घरातले दुसरे कोणी जावे. पण त्याचा पगार? जमिनीचा तुकडा, आणि रयतेकडून मिळणारे बलुते. म्हणजे राबवणार सरकार आणि देणार गाव. गावाची मर्जी फिरली की बलुते बंद. तक्रार कोणाकडे करायची? विधेयकाची जी गत झाली ती झाली, ते मागे घ्यावे लागले. वतने कायद्याने गेली ती पुढे १९५८ च्या कायद्याने, आणि तीही जुन्या मुंबई इलाख्यात. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिकडच्या कायदेमंडळाचा वारा आम्हाला लागत नव्हता. पण भाकरीची टोपली दोन्हीकडे सारखीच होती. महाडला १९२७ साली मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदारची शिळी भाकरी सोडा असे बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हा ते पाण्याच्या हक्काइतकेच मोठे बोलणे होते. बक्षीस नाकारल्याशिवाय पगार मागता येत नाही, हा त्या बोलण्याचा व्यवहारी अर्थ.

नाकारायची किंमत काय असते हे नांदेड जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. नामांतराच्या ठरावानंतर जुलै-ऑगस्ट १९७८ मध्ये मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारले गेले. विद्यापीठाच्या नावाचा वाद म्हणून त्या काळी वर्तमानपत्रांनी हे पाहिले. गावात तो वाद वेगळाच होता. ज्यांनी गावकीची कामे सोडली होती, जोहार सोडला होता, त्यांचा हिशेब चुकता केला जात होता. बलुते घेणारा हात खाली झाला की देणाऱ्या हाताला राग येतो. त्याच्या दानशूरपणावर तो आघात असतो.

आता आमच्या साहित्याकडे वळतो. दया पवारांच्या आत्मकथनाचे नाव 'बलुतं' (१९७८) आहे, हे आपण आता इतक्या सवयीने उच्चारतो की त्यातली धार बोथट झाली आहे. गावाने जे दिले ते बलुतं, आणि गावाने दिले ते दुःख, असा तो सरळ हिशेब आहे. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये येसकराची पाळी येते. घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी, आणि भाकरी गोळा करायला दारोदार. ज्याची पाळी आहे त्या घरात त्या दिवशी एक प्रकारचा रुबाब असतो. हा रुबाब लिहायला बेबीताईंनी फार मोठे धाडस दाखवले आहे. गुलामीचा नुसता शोक करणे सोपे असते. बक्षिसाने गुलामाच्या मनात आनंद कसा निर्माण होतो, ते लिहिणे अवघड. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मधली शाळेची सहल सर्वांच्या परिचयाची आहे. सवर्ण मुलांचे उरलेले अन्न महारांच्या मुलांना मिळते. घरी आल्यावर आई विचारते, माझ्यासाठी का नाही आणलेस? आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सहलीवर निबंध लिहायला सांगतात. उरलेले अन्न घेणाऱ्याने त्या दिवसाचे सुंदर वर्णनही करावे अशी ही अपेक्षा. टीप घेऊन हसायला सांगणे म्हणतात ते हेच. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) मधली दौलतजादा याच मालिकेतली. तिथे नोट हातावर पडत नाही, हात धरून घेते.

शेजारच्या हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन' (१९९७) मध्ये या सगळ्याला उत्तर देणारा एक प्रसंग आहे. जमीनदाराच्या मुलीचे लग्न. वाल्मीकींच्या आईबापांनी दहा-बारा दिवस राबून कामे उपसलेली. पंगती उठल्यावर आई पोरांसाठी पानावर काही वाढा म्हणते. तो उष्ट्याने भरलेल्या टोपलीकडे बोट दाखवतो. ती टोपली तिथेच उपडी करते आणि पुन्हा त्या दारात जात नाही. मला या प्रसंगात एक गोष्ट विशेष वाटते. ती बाई दया मागत नव्हती. तिने काम केले होते आणि ती मजुरी मागत होती, फक्त 'मजुरी' हा शब्द तिला उपलब्ध नव्हता. आमच्या बहुतेक आत्मकथनांत हा शब्द सापडत नाही म्हणून माणसे घुसमटतात. दुःख म्हणून आपण जे वाचतो, त्यातला फार मोठा भाग थकलेल्या पगाराचा आहे.

येथे प्रस्थापित समीक्षेबद्दल बोलणे भाग आहे, कारण 'बक्षीस' शब्दाचा पहिला अर्थ, स्पर्धेतला, तिच्या ताब्यात आहे. त्या बक्षिसाचा इतिहासही दक्षिणेपासूनच सुरू होतो. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी ती चालू ठेवली. १८४९ च्या सुमारास पुण्याच्या सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. मराठी ग्रंथकाराला मिळणारे सरकारी बक्षीस हे असे दक्षिणेच्या पोटी जन्मले. आणि १८५५ साली या कमिटीपुढे जोतीराव फुल्यांनी आपले 'तृतीय रत्न' नाटक ठेवले. नाटकाचा विषय कोणता? जोशीबुवा एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि कर्ज काढायला लावून ब्राह्मणभोजन आणि दक्षिणा उकळतो. शेवटी ते जोडपे फसवणूक ओळखून शिकायला निघते. दक्षिणेची लूट दाखवणारे नाटक दक्षिणेच्याच तिजोरीवर बसलेल्यांपुढे बक्षिसासाठी! ते नाकारले गेले. कमिटीतल्या भटांपुढे कोणाचे काही चालले नाही, हे फुल्यांनी स्वतःच 'गुलामगिरी'त लिहून ठेवले आहे. नाटक नंतर कित्येक दशके छापलेही गेले नाही. मराठी नाटकाच्या इतिहासात पहिले आधुनिक नाटक कोणते याची चर्चा करणाऱ्यांनी ते न दिलेले बक्षीस आधी मोजावे.

आमच्या पिढीला बक्षिसे मिळाली. राज्य पुरस्कार मिळाले, अकादमीचे मिळाले. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा लातूरच्या धनेगावचे नाव दिल्लीत पोचले. हे मी नाकारत नाही, त्या पुरस्काराने अनेक मुलांच्या हातात लेखणी आली. पण आमच्या पुस्तकांना मिळणाऱ्या कौतुकाची भाषा एकदा तपासा. अनुभव अस्सल आहे. भाषा रांगडी आहे. वाचताना अंगावर काटा येतो. या कौतुकात वाचणाऱ्याला काय वाटले हेच सगळे आहे. पुस्तक काय म्हणते, कोणावर आरोप करते, कोणता हिशेब मागते, याला उत्तर नाही. जेवण चविष्ट होते म्हणून बशीत दहाची नोट ठेवावी आणि उठावे, तशी ही समीक्षा ठेवून उठते. 'बलुतं' वाचून गहिवरलेल्या वाचकाला त्याच्या गावच्या महारवाड्याची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे विचारावेसे वाटत नसेल, तर त्याचा गहिवर बीदरच्या बादशहाच्या जातीचा आहे. मला अशी समीक्षा हवी जी आमच्याशी भांडेल. आमच्या आत्मकथनांत बायकांची मारहाण किती सहज येते, आमच्यातल्या आमच्यात वरखालीची किती प्रतवारी आहे, हे जो दाखवेल त्याने आम्हाला बरोबरीचे मानले असे मी समजेन.

मागे काही कार्यकर्ते आणि विद्यार्थ्यांबरोबर माहूरला जाणे झाले होते. गडाखाली एका खानावळीत जेवलो. वाढणारा पोरगा सतरा-अठरा वर्षांचा, जवळच्या तांड्यावरचा. बिल बडीशेपेच्या बशीत आले. आमच्यातल्या एकाने वीस रुपये ठेवले. दुसरा, फार चांगला कार्यकर्ता, त्याने ते उचलून परत दिले. म्हणाला, "सर, ही बलुत्याचीच रीत झाली. आपण तरी पोराला लाचार करायचं नाही." वाद पेटला. पोरगा बशी न्यायला उभाच होता. कोणीतरी त्यालाच विचारले, महिन्याला काय मिळते? त्याने गल्ल्याकडे पाहिले आणि हळू आवाजात सांगितले. तो आकडा शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईच्या रोजापेक्षा कमी पडत होता. बाकीचे टीपेवर निघते, म्हणाला. नवरात्रात बरे निघते.

त्या कार्यकर्त्याचे म्हणणे मला पटले नाही, आणि का पटले नाही ते सविस्तर सांगतो, कारण ही चूक आमच्या चळवळीत वारंवार होते. नकार हे घेणाऱ्याचे हत्यार आहे. वाल्मीकींच्या आईने टोपली उपडी केली, कारण टोपली तिच्यापुढे होती. ती जमीनदाराने काढून नेली असती तर त्याला आपण विद्रोह म्हटले असते काय? भाकरी सोडा असे बाबासाहेबांनी भाकरी घेणाऱ्यांना सांगितले. देणाऱ्यांना त्यांनी पगार द्या असे सांगितले. देणाऱ्याच्या खुर्चीवर बसून घेणाऱ्याच्या वतीने स्वाभिमान दाखवणे यात वीस रुपये वाचतात, बाकी काही होत नाही. आणि हेही विसरू नये की त्या दिवशी त्या टेबलाशी देणारे आम्ही होतो. आमच्या आजोबांनी कोणाच्या दारात उभे राहून भाकरी आणली, याचा त्या पोराच्या महिन्याच्या हिशेबाशी काही संबंध नव्हता.

यावर उलटा युक्तिवादही ऐकायला मिळतो, की टीप तर चांगलीच. अमेरिकेत सगळे देतात आणि तिथे श्रमाला प्रतिष्ठा आहे. अमेरिकेचे नाव निघालेच तर तो इतिहासही पाहू. तिथे गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. लगेच पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनडब्यांत चाकरीसाठी नुकतेच मुक्त झालेले काळे लोक हजारोंनी भरले. पगार तोकडा, बाकीचे प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणत. कंपनीच्या मालकाचे ते नाव, जसे गुलामाला धन्याचे नाव असे. आमच्याकडे कोणत्याही वयाच्या माणसाला 'ए महारा' म्हणत, त्यातलाच प्रकार. या पोर्टरांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली संघटना बांधली आणि बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. त्यांचे मागणे चांगल्या टीपेचे नव्हते, पगाराचे आणि कामाच्या तासांचे होते. ज्या १९२७-२८ मध्ये बाबासाहेब बलुत्याऐवजी रोख पगार मागत होते, त्याच वर्षांत हे चालले होते. आणि तरीही त्या देशात टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा केंद्रीय किमान दर १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर अडकलेला आहे. बाकीचे गिऱ्हाईक भरते. डॉ. म. ना. वानखेडे यांनी मिलिंद महाविद्यालयात असताना काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख आम्हाला करून दिली, १९७२ साली पँथरने नावही तिकडूनच घेतले. कवितेबरोबर त्या पोर्टरांचा हिशेबही आपण आणायला हवा होता.

आपल्याकडे कायदा याहून पुढे गेलेला आहे, कागदावर. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम ही त्या कलमाखाली सक्तीची मजुरीच होय. हे वाक्य माहूरच्या गल्ल्यावर लावले तर काय होईल? तिथे टीप हीच वेठीवरची रंगरंगोटी ठरते. मोठ्या शहरांत 'सर्व्हिस चार्ज' हा नवा बलुतेदार आला होता. हॉटेलवाले बिलातच तो जोडत आणि आमच्या कामगारांसाठी आहे म्हणत. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये त्याची सक्ती बंद करण्याचे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ग्राहकाचा प्रश्न सुटला. कामगाराला त्यातले किती पोचत होते आणि आता काय पोचते, हा प्रश्न त्या वादात मुख्य नव्हताच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विचारलेला प्रश्न पुन्हा तसाच समोर आहे. राबवणार कोण आणि देणार कोण?

त्या दिवशी खानावळीत वीस रुपये शेवटी बशीतच राहिले. कार्यकर्ता थोडा रुसला. परत येताना जीपमध्ये तो म्हणाला ते मात्र मला महत्त्वाचे वाटले. म्हणाला, "सर, आपल्या एकाही पुस्तकात हे नाही." खरे आहे. आमच्या आत्मकथनांचा शेवट बहुधा नोकरी लागण्यापाशी होतो. घेणाऱ्या हाताचे आम्ही इतके लिहिले की तसे मराठीत कोणी लिहिले नव्हते. देणाऱ्या हाताचे आम्ही काही लिहिले नाही. तो हात आता आमच्याकडेही आला आहे. प्राध्यापकांच्या, कारकुनांच्या, बँकवाल्यांच्या वसाहतीत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पोस्त मागायला झाडूवाली येते. नगरपरिषदेने तिला ठेकेदारामार्फत ठेवलेले असते आणि ठेकेदाराने तिचे दोन महिने थकवलेले असतात. ती बहुतेक वेळा आमच्याच जातीची असते, किंवा जिच्याशी आम्ही रोटीव्यवहार टाळतो त्या जातीची. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते. ती उंबऱ्याबाहेर उभी राहते, आत ये असे कोणी म्हणत नाही, आणि ताटलीत आदल्या दिवशीच्या करंज्या ठेवल्या जातात. त्या करंज्या कोणी ठेवल्या, ताटली घरातली होती की वेगळी ठेवलेली, आणि थकलेल्या दोन महिन्यांबद्दल तिला कोणी विचारले की नाही, हे लिहिणारे पुस्तक माझ्या तरी वाचनात आलेले नाही.